पोरगी जेलात नोकरी करतो म्हणते...

घाटंजी तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावीला, कला शाखेत. ते लिहितात, "पोरगी म्हणते, जेलात नोकरी करतो. तिथं सारे खुनी-दरोडेखोर. गावात काय तोंड दाखवू? तिले समजवा."

भाऊ, नमस्कार.

तिला समजवायच्या आधी तुमच्याशीच बोलतो. जेल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एकच उंच भिंत येते. प्रत्यक्षात नागपूर आणि अमरावतीला मध्यवर्ती कारागृह आहे, यवतमाळला जिल्हा कारागृह आहे आणि मोर्शीला खुलं कारागृह. मोर्शीला चांगल्या वर्तणुकीचे पक्के, म्हणजे शिक्षा लागलेले, कैदी शेती करतात. आणि आत सारे खुनी नसतात. देशातल्या कैद्यांत चारातले जवळपास तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा खटलाच अजून संपलेला नाही. त्यातले पुष्कळ जण जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत पडून असतात.

तिथं बाईमाणसाचं काय काम, असा तुमचा खरा प्रश्न दिसतो. महिला कैद्यांना पुरुषांपासून वेगळं ठेवायचं आणि त्यांची झडती बाईनंच घ्यायची, हे १८९४ च्या कारागृह कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे बायकांशिवाय हे खातं चालूच शकत नाही. कैदी आईसोबत लहान लेकरंही आत राहतात, त्यांच्याकडे कोण बघणार?

हा विषय तिला इतिहासातून आवडला असेल तर मला आनंदच आहे. इंग्रजांनी १८३६ मध्ये नेमलेल्या समितीचा सारा भर कडक शिस्तीवर आणि कष्टावर होता. कैदी सुधारला पाहिजे हा विचार ठामपणे आला तो १९१९-२० च्या समितीत. स्वातंत्र्यानंतर मुल्ला समितीनं (१९८०-८३) पुन्हा तेच मांडलं. पण तिनं सगळ्यात आधी वाचावा तो १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, पुढे माणसांना काटेरी तारांच्या वसाहतींत कोंडलं. तो रद्द व्हायला १९५२ उजाडलं. आपल्याकडे आजही कुठं चोरी झाली की पहिला संशय पारधी बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर जातो, ते तुम्हाला ठाऊक आहे. ही गोष्ट समजलेली मुलगी त्या खात्यात जावी, असं मला मनापासून वाटतं.

आता वाटा. वर्दी हवी असेल तर कारागृह शिपाई. बारावी पास लागते, भरती पोलीस भरतीसोबत निघते. मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० ची. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. दुसरी वाट समाजकार्याची: बीएसडब्ल्यू म्हणजे त्यातली पदवी, मग एमएसडब्ल्यू म्हणजे पदव्युत्तर. नागपुरात त्याची जुनी महाविद्यालयं आहेत, आणि मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत गुन्हेगारी व न्याय हा विषय घेऊन एमए करता येतं. त्यातून परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सोडलेल्यांवर देखरेख ठेवणारा) होता येतं, अल्पवयीन मुलांच्या निरीक्षणगृहात काम करता येतं. या वाटेवर कायम जागा थोड्या आणि कंत्राटी जास्त, हे आधीच माहीत असू द्या.

माझं मत विचाराल तर तिनं बीएसडब्ल्यूला प्रवेश घ्यावा आणि भरतीचा सराव सोबत ठेवावा. नुसत्या भरतीच्या मागे तीन-चार वर्षं घालवलेली पोरं मी पाहतो. वय निघून जातं आणि हातात पदवीही नसते. रात्रपाळी असते, बदली कुठंही होते, आतलं दुःख रोज बघावं लागतं. हे तिला सांगा, पण भीती घालायला नको. जमलं तर या नोकरीतल्या एखाद्या ताईशी तिची गाठ घालून द्या, तुम्हीही सोबत बसा.

आणि जातीचा दाखला, जात वैधता, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेअर, हे कागद या उन्हाळ्यातच काढायला टाका. जाहिरात निघाल्यावर तहसीलसमोर रांग लागते.