पोटगीचा हुकूम हातात, पैसे मात्र नाहीत

या वेळी पोटगीवरची तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण त्या बाईंनी विचारलेलं बाकीच्या बऱ्याच पत्रांतही होतं. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : वकीलताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी पाच वर्षांची. दोन वर्षांपूर्वी कोर्टाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली दोन्ही मुलांसाठी मिळून दरमहा 9,000 रुपये मंजूर केले. सुरुवातीला सहा-सात महिने पैसे नीट आले. मग अकरा महिने तीन-तीन हजारच आले. आता सात महिने झाले, एक रुपया नाही. फोन केला की ‘बघू पुढच्या महिन्यात’. ते एका कंपनीत कायम नोकरीला आहेत, गावाकडे त्यांच्या नावावर जमीन आहे. माझी माणसं म्हणतात, कोर्टात गेलीस तर तो मुलांना भेटायलासुद्धा यायचा नाही. मी शिवणकाम करते. त्यांना खरंच तुरुंगात टाकतात का? मला तसं नको आहे हो, पण मुलांची फी भरायची आहे.

उत्तर : तुरुंगाचं नंतर बघू. आधी वही घ्या. महिना, देय रक्कम, आलेली रक्कम, आल्याची तारीख, बाकी, असे पाच रकाने आखा. बँकेचं पासबुक भरून आणा आणि त्यावरून लिहा, आठवणीवरून नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून मी हिशोब केला. सात महिन्यांचे 63,000 आणि त्याआधीच्या अकरा महिन्यांचे दरमहा 6,000 प्रमाणे 66,000. म्हणजे 1,29,000 रुपये तुमच्या मुलांचे येणे आहेत. पत्रात तुम्ही हा आकडा कुठेच लिहिलेला नाही. बहुतेकींना तो माहीतच नसतो, आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणाऱ्याला तेच सोयीचं असतं.

आता घाई कशाची आहे ते सांगते. थकलेली पोटगी वॉरंट काढून वसूल करायची तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तुम्ही आज अर्ज केलात तर गेले बारा महिने त्यात बसतात : सात पूर्ण थकलेले आणि पाच अर्धवट, एकूण 93,000. त्याआधीच्या सहा महिन्यांचे 36,000 या रस्त्याने मागता येणार नाहीत. ते बुडाले असं मात्र समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये पूनगोडी विरुद्ध तंगवेल या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की, वर्ष उलटलं म्हणून हक्क संपत नाही, फक्त वॉरंट आणि कैदेचा मार्ग बंद होतो. दिवाणी मार्गाने ती रक्कम मागता येते. पण तो रस्ता लांबचा आहे. नातेवाईक ‘थांब, थांब’ म्हणत आहेत त्यातला प्रत्येक महिना तुम्हाला सहा हजारांना पडतोय, एवढं त्यांना सांगा.

अर्ज एकदा मुदतीत पडला की तो प्रलंबित असताना पुढे थकत जाणारे महिने त्यातच जोडता येतात, दर वेळी नवा अर्ज लागत नाही. शांता विरुद्ध शिवनंजप्पा हा 2005 चा निकाल आहे, वकिलांना सांगितलं की पुरे. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलम 125 चं कलम 144 झालं. त्याने तुमचा जुना हुकूम रद्द झालेला नाही. कुणी ‘कायदाच बदलला, आता परत पहिल्यापासून’ असं घाबरवत असेल तर ऐकू नका.

अर्ज दिल्यावर कोर्ट नोटीस काढतं. ती बजावली गेली, तरी पैसे आले नाहीत आणि न देण्याला पुरेसं कारणही नाही, असं दिसलं की दंड जसा वसूल करतात तसं वसुली वॉरंट निघतं. त्यात जंगम मालमत्ता, म्हणजे गाडी वगैरे, जप्त होऊ शकते. शिवाय कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांकडे वॉरंट पाठवू शकतं आणि मग ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, स्थावरातूनसुद्धा. म्हणून गावाकडच्या जमिनीचा ताजा सातबारा काढून अर्जाला जोडा. जमीन सामाईक असेल तर हात फक्त त्यांच्या हिश्शाला लागेल. पण तलाठ्याकडे विचारणा सुरू झाली की भाऊबंद आपण होऊन समजूत घालायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

तुमच्या प्रकरणात मला खरा रस आहे तो त्यांच्या पगारात. कायम नोकरी असलेल्या माणसाकडून पोटगी मिळवायची तर ती त्याच्या हातात पडण्याआधीच वळवावी. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं आहे की, पोटगीचा हुकूम पैशाच्या दिवाणी हुकुमनाम्यासारखा बजावता येतो, म्हणजे दरखास्त (हुकूम अमलात आणण्याचा अर्ज) लावून पगारावर जप्ती आणता येते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे साध्या कर्जासाठी पगाराचा मोठा भाग जप्तीतून सुटतो. पोटगीसाठी मात्र फक्त एक तृतीयांश सुटतो. खासगी कंपनीलाही कोर्ट रक्कम कापून पाठवायला सांगू शकतं, आणि आदेश पोचल्यावर कंपनीने पूर्ण पगार कामगाराच्या हातात दिला तर त्या रकमेला कंपनी जबाबदार धरली जाते. तुमची कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली केस चालू असेल तर त्यातही कलम 20 खाली मालकाला थेट तुम्हाला पैसे द्यायला सांगता येतं. यासाठी कंपनीचं नाव, पत्ता आणि जमलं तर कर्मचारी क्रमांक लागेल. तो कुठे मिळेल? रजनेश निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. त्यांनी दिलेलं शपथपत्र तुमच्या फाइलमध्ये असायला हवं. पगाराची स्लिप, बँक खातं, जमीन, सगळं त्यात त्यांच्याच सहीने लिहिलेलं असतं. बऱ्याच बायका ते एकदाही उघडत नाहीत.

आता तुरुंग. हो, टाकतात. वॉरंट बजावूनही जो महिना थकलेला राहील त्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, त्याआधी पैसे भरले तर सुटका. अनेक महिने एकत्र थकले असतील तर कैद एकच महिना की तितके महिने, यावर उच्च न्यायालयांची मतं वेगवेगळी आहेत. पण आत जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते निकालात काढलं आहे : कैद हा वसुलीचा मार्ग आहे, फेड नव्हे. ‘महिनाभर बसून येतो, मग मोकळा’ असं पारावर ऐकून आलेले लोक मी पाहते. बाहेर आल्यावर तीच रक्कम त्यांची वाट बघत असते.

तुम्हाला तसं नको आहे हे मी वाचलं. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. अटक वॉरंट निघालं की काल ‘खिशात दमडी नाही’ म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी कोर्टाच्या व्हरांड्यात नोटा मोजत उभा असतो, सोबत एखादा मामा किंवा मित्र. इथेच जपायचं असतं. थकबाकी लाखाची आणि तो वीस हजार पुढे करून म्हणतो, ‘सही कर, बाकीचं बघू.’ समोर येते ती पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन. तिच्यात ‘थकीत रक्कम मिळाली, तक्रार नाही’ असं लिहिलं असेल तर सही करू नका. ‘अमुक तारखेला 20,000 मिळाले, बाकी इतके शिल्लक’ असं लिहूनच घ्या, आणि उरलेले कधी देणार हे कोर्टासमोर सांगायला लावा. ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, आलं पाहिजे. व्हरांड्यातला शब्द व्हरांड्यातच राहतो.

दुसरी अडचण वॉरंट न बजावताच परत येण्याची. वर शेरा असतो, ‘सदर इसम मिळून आला नाही.’ इसम रोज सकाळी कामाला जातो हे सगळ्या गल्लीला माहीत असतं! म्हणून घरच्या पत्त्याबरोबर कामाचा पत्ता आणि पाळीची वेळ अर्जात लिहा. ते दुसऱ्या जिल्ह्यात राहायला गेले तरी बिघडत नाही, जिथे असतील तिथल्या दंडाधिकाऱ्याकडून हुकूम बजावून घेता येतो.

भेटीबद्दल. मुलांना भेटणं आणि मुलांचा खर्च हे दोन वेगळे विषय आहेत. ते पैसे देत नाहीत म्हणून तुम्ही भेट अडवू नका. आणि तुम्ही कोर्टात गेलात म्हणून त्यांची जबाबदारी कमी होत नाही. भेटीला यायचं थांबवीन ही धमकी मेसेजवर आली असेल तर तो मेसेज पुसू नका.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. स्त्रिया आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातही समिती असते, आणि 15100 हा फोन क्रमांक आहे. हुकुमाची प्रत हरवली असेल तर तीही विनामूल्य मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : मी पैसे न देणारा बाप आहे, माझंही छापा. मुलीसाठी 12,000 ठरले होते तेव्हा पगार 41,000 होता. कंपनी बंद पडली. आता मालवाहू टेम्पो चालवतो, 18,000 सुटतात. तीन महिने थकलेत. दरम्यान मुलीला सायकल आणि कपडे घेऊन दिले, ते धरतील का?

उत्तर : छापलं. सायकल धरणार नाहीत. ती तुम्ही प्रेमाने दिलीत, चांगलं केलंत, पण हुकुमात सायकल नाही, रक्कम आहे.

पगार कमी झाला म्हणून हुकूम आपोआप कमी होत नाही. परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागता येते, त्यासाठी नव्या संहितेचं कलम 146 आहे (पूर्वीचं 127). तो अर्ज तुम्ही नोकरी गेली त्याच महिन्यात करायला हवा होता. आता या आठवड्यात करा. कंपनी बंद झाल्याचं पत्र, शेवटची पगार स्लिप, सध्याच्या कमाईचा बँक उतारा जोडा. अर्ज केला म्हणून जुनी थकबाकी पुसली जाईल असं धरून चालू नका.

आणि निकाल लागेपर्यंत हात आखडू नका. पाच हजार जमत असतील तर पाच, पण दर महिन्याला, ठरल्या तारखेला, बँकेतून. रोख देऊ नका, तिच्या मामाच्या हाती तर मुळीच नको. कोर्टात ‘देऊ शकत नाही’ आणि ‘देत नाही’ यातला फरक या नोंदींवरूनच दिसतो. वसुलीच्या कलमात ‘पुरेशा कारणाशिवाय’ असे शब्द आहेत, तुमचा बचाव तिथेच आहे. मात्र धंदाच नाही, काम मिळत नाही, एवढंच म्हणून भागणार नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना, बायकापोरांना पोसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये अंजू गर्ग प्रकरणात पुन्हा सांगितलं. तुम्ही टेम्पो चालवता आहात, म्हणजे तुमची बाजू पडती नाही. टेम्पोसाठी कर्ज काढलं असेल तर हप्ता वजा करून उरलेली कमाई दाखवायचा मोह होईल. स्वतःहून काढलेलं कर्ज मुलीच्या खर्चाच्या पुढे लावलेलं कोर्टांना सहसा आवडत नाही. मलाही आवडत नाही, पण टेम्पो हेच कमाईचं साधन आहे हे तुमच्या वकिलांना सांगता येईल.

तुमच्या पत्नीला आता नोकरी लागली असेल, तर तेही अर्जात लिहा. मुलांचा खर्च दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटला जाऊ शकतो. पूर्ण सुटका मात्र त्याने होत नाही.

प्रश्न : माझी भाची नुकतीच अठराची झाली. दुसऱ्याच महिन्यात वडिलांनी पैसे बंद केले. ती अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. आधीचेही चार महिने थकलेत. आता काहीच करता येत नाही का?

उत्तर : आधीचे चार महिने ती अल्पवयीन असतानाचे आहेत. ते तसेच येणे राहतात, वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा.

अठरानंतर कलम 144 खालचा हक्क साधारणपणे थांबतो, शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे मूल स्वतःचं पोट भरू शकत नसेल तर गोष्ट वेगळी. पण कुटुंब हिंदू असेल तर 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातलं कलम 20 अविवाहित, स्वतःचा खर्च भागवू न शकणाऱ्या मुलीला सज्ञान झाल्यावरही वडिलांकडून निर्वाह देतं. 2020 च्या अभिलाषा विरुद्ध प्रकाश या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केलं, मात्र त्यासाठी त्या कायद्याखाली वेगळी मागणी करावी लागते. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे ती तिथेच करता येईल. आता अर्ज भाचीच्या स्वतःच्या नावाने आणि सहीने जाईल, आईच्या नाही. कॉलेजचं बोनाफाइड, फी भरल्याच्या पावत्या आणि वसतिगृहाचा खर्च जोडायला सांगा.