वाचावीत आणि बसवावीत अशी आजची मराठी नाटकं कोणती?

तुम्ही लिहिलंय की तुमचा सात-आठ जणांचा हौशी गट आहे, सगळे नोकरी सांभाळून संध्याकाळी तालमीला जमता, तीन एकांकिका झाल्या आणि आता पूर्ण नाटक करायचंय. मी सोलापुरात वीस वर्षं हेच करतोय, त्यामुळे तुमची अडचण नीट कळते.

पहिलं नाव जयंत पवारांच्या 'अधांतर'चं. १९८२च्या जानेवारीत मुंबईतल्या अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगारांनी संप केला, तो रीतसर मिटलाच नाही. त्या संपानंतरचं एक घर या नाटकात आहे. चाळीतली खोली, आई, मुलगी आणि तीन मुलगे: एक लेखक व्हायला निघालेला, एक क्रिकेटवेडा, एक गुंडगिरीच्या वाटेला लागलेला. संपावर भाषण असं कुणी करत नाही. माणसं पैशांवरून, जेवणावरून, एकमेकांच्या रिकामपणावरून भांडतात आणि त्या भांडणातून अख्खं गिरणगाव कोसळताना दिसतं.

आमच्याकडे याचं पहिलं वाचन झालं तेव्हा आईची भूमिका आमच्यातल्या एका बाईंना सहज म्हणून दिली होती. त्यांचे वडील इथल्या मिलमध्ये होते, मिल बंद पडली तेव्हा त्या शाळेत होत्या. वाचता वाचता त्यांचा एक हात सारखा खालची सतरंजी सरळ करत होता. सुरकुती नव्हती तरी करत होता. मुलांची वाक्यं चालू असतानाही तो हात थांबला नाही. मी त्याच दिवशी ठरवलं की यांना उभं राहून काही 'करायला' सांगायचं नाही. प्रयोगातसुद्धा तो हात तसाच राहिला आणि प्रेक्षक त्या हाताकडे बघत होते.

हे एवढं सांगायचं कारण, नाटक निवडायची माझी एकच रीत आहे: सगळ्यांनी गोल बसून संहिता मोठ्याने वाचायची. एकट्याने मनात वाचून निवडायची नाही आणि व्हिडिओ बघून तर मुळीच नाही. आम्ही एकदा एका गाजलेल्या व्यावसायिक नाटकाचं चित्रीकरण बघून ते नाटक घेतलं. तालमीत प्रत्येक जण त्या मूळ नटाचा आवाज काढत होता. पाठांतर चोख होतं, नेपथ्य चांगलं होतं, तरी दुसऱ्या अंकात माणसं उठून जायला लागली. संहिता आमच्या तोंडची झालीच नव्हती. गोल बसून वाचलं की दुसऱ्याच दिवशी कळतं, कोणतं वाक्य आपल्या जिभेवर बसतंय आणि कोणतं उसनं वाटतंय.

माणसं कमी पडत असतील तर राजीव नाईकांचं 'साठेचं काय करायचं?' घ्या. दोनच पात्रं, अभय आणि सलमा, नवरा-बायको. तो जाहिरातपट करतो आणि साठे नावाच्या, आपल्यापेक्षा बरं काम करणाऱ्या माणसाच्या असूयेने पोखरून निघतो. साठे रंगमंचावर येतच नाही. नाटकात घडत काही नाही असं पहिल्या वाचनात वाटेल, पण कलेत काम करणाऱ्या कुणालाही त्यातला प्रत्येक प्रवेश टोचतो. खर्च जवळजवळ शून्य. मात्र नट कच्चे असतील तर इथे लपायला जागा नाही.

महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' तुम्ही कराल न कराल, वाचा जरूर. १९८५चं नाटक आहे, 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' हे त्याचे पुढचे भाग. विदर्भातल्या एका खेड्यातलं देशपांड्यांचं घर, घरातले वडीलधारे तात्याजी गेलेत, मुंबईहून मधला मुलगा आणि सून आलेत, अंगणात नादुरुस्त ट्रॅक्टर पडून आहे. वहिनी, म्हणजे घरातली थोरली सून, घराण्याचे दागिने अंगावर घालते तो रात्रीचा प्रवेश चार वेळा वाचा. बोलणं थोडं आहे, पण या बाईने आयुष्यभर काय गिळलं ते सगळं तिथे आहे. बसवताना मुख्य अडचण भाषेची. घरची माणसं वऱ्हाडी बोलतात आणि मुंबईची सून प्रमाण मराठी. हा फरक पुसला की नाटकाचं अर्धं बळ जातं. गटात वऱ्हाडी कानावर असलेलं कुणी नसेल तर खोटा हेल काढण्यापेक्षा नाटक सोडलेलं बरं.

आता जी नाटकं लांबची वाटतात पण धाडस देतात, ती. राजकुमार तांगडेंचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' जालन्याकडच्या शेतकरी कलावंतांनी केलं आणि महाराष्ट्रभर गाजलं. त्यात महाराजांचा जिरेटोप पृथ्वीवर राहतो आणि यम तो कुणाच्या डोक्याला बसतो ते शोधत फिरतो. गो. पु. देशपांड्यांचं 'सत्यशोधक' अतुल पेठेंनी पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन बसवलं होतं. आपल्याला नट मिळत नाहीत अशी तक्रार मनात आली की मी ते आठवतो. नाशिकच्या दत्ता पाटलांचं 'हंडाभर चांदण्या' टँकरची वाट बघणाऱ्या गावाचं आहे; आमच्या जिल्ह्यात ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मोठा गट असेल तर शफाअत खान यांचं 'शोभायात्रा' बघा: मिरवणुकीसाठी गांधी, नेहरू, टिळक, सुभाषबाबू होऊन सजलेली माणसं मिरवणूक निघायची वाट बघत बसलीत.

'संगीत देवबाभळी' सगळे सुचवतील. प्राजक्त देशमुखांची ही संहिता फार सुंदर आहे: तुकोबांची आवली आणि तिच्या सेवेला लखुबाई होऊन आलेली रखुमाई. पण ताकदीने गाणाऱ्या दोन अभिनेत्री नसतील तर ती वाचनापुरतीच ठेवा.

अभिनयाच्या सरावासाठी प्रशांत दळवींच्या 'चारचौघी'मधला टेलिफोनचा प्रवेश घ्या. पलीकडचा नवरा ऐकू येत नाही, तरी तो काय बोलतोय हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे. आमच्याकडे नवीन आलेली प्रत्येक मुलगी तो वाचते, आता मुलगेही वाचतात.

शेवटी कामाची गोष्ट. संहिता ठरली की तालीम सुरू करायच्या आधी लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्या आणि मानधन विचारा. मानधन हौशी गटालाही द्यावंच लागतं आणि द्यायलाच हवं. संहिता तपासून प्रयोगाला मान्यता देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही वेळेत काढा. नाट्यगृह आरक्षित झाल्यावर धावाधाव करू नका.

गटात बायका किती, गाणारं कुणी आहे का आणि घरात कोणती बोली बोलता, एवढं कळवलंत तर आणखी नेमकं सांगता येईल. तोवर या रविवारी 'अधांतर'च्या प्रती मिळवा आणि गोल बसा.