आधी दडपे पोहे जमव

उन्हाळ्यात सकाळी गॅससमोर उभं राहायचा कंटाळा येतो ना? मग कांदेपोहे, उपमा नंतर शिक. आधी दडपे पोहे.

पोहे पातळच घे, जाडे चिवट लागतात. ओला नारळ, बारीक चिरलेला कांदा, किसलेली कैरी, मीठ, साखर घालून हाताने कालव आणि झाकून वर वजन ठेव, दहा-पंधरा मिनिटं. पोहे भिजवायचे नाहीत! नवखे इथेच चुकतात. कोरडे वाटले तर नारळपाण्याचा हबका मार. वरून हिंग-मिरची-शेंगदाण्याची फोडणी.

- कैरी आधी चाखून बघ, मग लिंबाचं ठरव.
- खोवलेला नारळ फ्रिजमध्येच ठेव, मुंबईच्या उकाड्यात बाहेर आंबतो.

सोबत ताक. रविवारी दादरहून ताडगोळे आण, कोवळे निवडून. सोलत बसायचा उत्साह मला नाही, मी सालासकट खाते.