राजकारण, गावच्या बातम्या, खेळ आणि सिनेमा यांवर तिरकस सदर लिहायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मीम्सच्या गर्दीत वेगळं काय लिहिणार, आणि लिहिलंच तर पोलीस दारात येतील का. मी जिल्हा पातळीवरच्या एका साप्ताहिकात असंच सदर लिहितो, त्यामुळे दोन्ही प्रश्न माझ्या रोजच्या कामातले आहेत.

आधी मीम्सचं बोलू. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. तिथून सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील एका कार्यकर्त्याशी फोनवर बोलले आणि 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' महाराष्ट्रभर झालं. त्याची गाणी निघाली. बोली अस्सल, बोलणारा दिलखुलास, त्यामुळे हसू येणारच. पण त्या हशात एक साधा प्रश्न वाहून गेला. त्या विमानांचं आणि त्या हॉटेलचं बिल कोणी भरलं? आपण ज्या वाक्यावर हसलो, त्याच वाक्याने शहाजीबापूंना राज्यभर ओळख मिळवून दिली. सत्तेला हसून हसून आपण तिचीच जाहिरात करतो, आणि तिरकस लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठा धोका मला दिसत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अधिवेशनात विरोधकांनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर 'पन्नास खोके, एकदम ओके' सुरू केलं. खोका म्हणजे कोटी. तीही हसवणारीच ओळ, पण तिच्यात आमदारांनी बंडासाठी पैसे घेतल्याचा आरोप शाबूत होता आणि समोरच्याला उत्तर द्यावं लागत होतं. तो आरोप सिद्ध झालेला नाही, म्हणून लिहिताना ती घोषणा आहे असंच लिहायचं, खोके पोचले असं लिहायचं नाही. वाचक हसून झाला की त्याच्या हातात कुठला प्रश्न उरतो, हे प्रत्येक मजकूर पाठवण्याआधी बघत जा. काहीच उरत नसेल तर तो मजकूर पुन्हा लिहा.

मंत्रालयावर लिहिणारे रग्गड आहेत. तुमच्या नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत काय ठरलं, यावर मात्र कुणी लिहीत नाही, आणि खरा ऐवज तिथेच आहे. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर या महापालिकांच्या मुदती मार्च २०२२ मध्ये संपल्या. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या खटल्यांत निवडणुका अडकल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत त्या उरका असं सांगितलं, आणि प्रत्यक्ष मतदान झालं जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं नगरसेवक नाही, खर्चाला मंजुरी देणारी स्थायी समिती नाही. आयुक्त हेच प्रशासक. म्हणजे अर्थसंकल्प तयार करणारं आणि त्याला मंजुरी देणारं कार्यालय एकच. नळाला गढूळ पाणी आलं की माणूस नगरसेवकाच्या दारात जाऊन आवाज चढवायचा, ते दारच राहिलं नव्हतं. यावर लिहायला कुठली कल्पनाशक्ती लागते? घडलं तसं, त्याच क्रमाने मांडलं तरी वाचक अस्वस्थ होऊन हसतो.

चौकातला फ्लेक्स वाचायला शिका. वरच्या ओळीत देशपातळीचे नेते, खाली राज्याचे, मग जिल्ह्याचे. मधोमध गॉगल घातलेले, वाढदिवस असलेले 'भावी नगरसेवक'. तळाला 'शुभेच्छुक' म्हणून पासपोर्ट फोटोंची रांग. कोणाचा चेहरा मोठा झाला, कोणाचा दुसऱ्या ओळीत सरकला, कोण गायब झाला, यावरून तालुक्यातली गटबाजी बातमी येण्याआधी कळते. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तरी अजित पवार गटाच्या प्रचारात शरद पवारांचा फोटो राहिला. तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने हा फोटो वापरू नका असं त्या गटाला बजावलं. फ्लेक्सवरच्या एका चेहऱ्यासाठी देशातलं सर्वोच्च न्यायालय बसतं, तेव्हा तो चेहरा मतांचा केवढा साठा आहे हे आपोआप कळतं.

कोनशिलाही तशीच. आमच्याकडे एका वाचनालयाचं लोकार्पण झालं. फरशीवर पालकमंत्री, खासदार, आमदार, सभापती, सगळ्यांची नावं मानाप्रमाणे लहानमोठ्या अक्षरांत कोरलेली. आत कुलूप. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं तिकीट लावायचं, कायद्याने तीस दिवसांत उत्तर मिळायला हवं. उत्तर आलं एका ओळीचं: ग्रंथपालाचं पद मंजूर नाही. मी सदरात कोनशिलेचा मजकूर जसाच्या तसा छापला आणि त्याखाली ती एक ओळ. माझा एकही शब्द नव्हता. त्या सदराला आलेला प्रतिसाद मला कुठल्याही चुरचुरीत मजकुराला मिळालेला नाही. लोकांनी ते कापून त्याच वाचनालयाच्या दाराला चिकटवलं.

खेळाबद्दल लिहिताना धावा आणि गुण बाजूला ठेवून संघटनेकडे बघा. मुंबई क्रिकेट असोसिएशनचं अध्यक्षपद शरद पवार, विलासराव देशमुख, आशिष शेलार यांनी भूषवलंय. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली निवडणूक झाली. राज्यातलं सरकार पडून चारच महिने झाले होते, रोज एकमेकांवर चिखलफेक सुरू होती, आणि या निवडणुकीत विरोधी पक्षांतले पवार आणि शेलार एकाच पॅनेलच्या पाठीशी होते. त्यांच्या उमेदवाराने हरवलं ते संदीप पाटलांना, १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातल्या खेळाडूला. आपल्या नेत्यासाठी भावाशी अबोला धरलेल्या कार्यकर्त्याला ही बातमी शांतपणे सांगा. त्याला हिणवू नका. त्याची फसवणूक झालीय, ती त्याला दिसली पाहिजे.

कुस्तीचं मला जास्त लागतं. अहिल्यानगरच्या २०२५ च्या महाराष्ट्र केसरीत शिवराज राक्षेने निकालावरून पंचाला लाथ मारली. अंतिम लढत महेंद्र गायकवाड अर्ध्यावर सोडून गेला, पृथ्वीराज मोहोळ केसरी झाला, आणि राक्षे-गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. समाजमाध्यमांवर चार दिवस फक्त लाथ फिरत होती. लाथ चूकच, त्यात दुमत नाही. पण पाठ टेकली की नाही, या वादाचा निकाल पैलवानांना आणि प्रेक्षकांना पटेल असा का लागला नाही, हे फारसं कोणी विचारलं नाही. एका पैलवानामागे घरचे किती वर्षं खुराकाला पैसा घालतात, हे तालमीच्या आसपास वाढलेल्या कुणालाही विचारा. तिथे विनोद पैलवानावर नको, व्यासपीठावर गदा हातात घेऊन फोटो काढणाऱ्यांवर करा.

नेम कुठे लावायचा, याचं वळण आपल्याकडे तमाशाने घालून दिलंय. वगात राजा असतो आणि सोंगाड्या असतो. सोंगाड्या राजाला बोलतो, समोर मातीत बसलेल्या माणसाला नाही. हे सुटलं की काय होतं, तेही आपण पाहिलंय. 'मार्मिक' १३ ऑगस्ट १९६० ला सुरू झालं. व्यंगचित्रांच्या त्या साप्ताहिकाच्या प्रकाशनाला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतः आले होते. बाळासाहेब ठाकऱ्यांची रेषा किती धारदार होती, हे मी वेगळं सांगायला नको. पण पुढे त्याच पानांवर 'वाचा आणि थंड बसा' म्हणत मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य नावांच्या याद्या छापल्या गेल्या. मराठी तरुणाची बेकारी खरी होती, तिच्याबद्दल बोलायलाच हवं होतं. यादीत नाव आलेला माणूस मात्र पगारावर जगणारा होता. तिथे नेम खाली आला, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आजचे बरेचसे व्हॉट्सॲप विनोद त्याच वाटेने जातात. जात, बोली, रंग, गरिबी यांवर हशा मिळवणं सोपं आहे. तेवढं टाळा.

सिनेमा-मालिकांवर लिहायला मजा येते, पण तिथे खऱ्या अर्थाने हाताला लागतं ते सरकार मध्ये आलं की. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवायला सांगण्यात आलं. शोभा डे यांनी पॉपकॉर्नऐवजी मिसळ-वडापाव मिळणार का, अशा अर्थाचं ट्विट केलं. विधानसभेत त्यांच्याविरुद्ध हक्कभंगाचा प्रस्ताव आला, आणि शिवसैनिक वडापाव घेऊन त्यांच्या घरी पोचले. त्या नोटिशीला पुढे सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मिसळीवरचा तो टोला मला आवडला नव्हता. पण त्यावर उलट टोला हाणायचा असतो, सभागृहाचा हक्क बजावायचा नसतो.

आता तुमच्या भीतीबद्दल. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकऱ्यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे पालघरच्या एका तरुणीला अटक झाली, आणि ते लाईक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीलाही. ज्या कलमाचा तेव्हा आधार घेतला ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. तुम्हाला जपून राहायचंय ते बदनामीच्या कलमापासून. भारतीय न्याय संहितेत ते ३५६ आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. त्याच कलमात अपवादही आहेत. सार्वजनिक हितासाठी मांडलेलं सत्य ही बदनामी नाही, आणि लोकसेवकाच्या सार्वजनिक वागण्यावर प्रामाणिकपणे दिलेलं मतही नाही. म्हणून मत मतासारखं लिहा आणि घटनेला कागद ठेवा. कुटुंबातल्या माणसांना ओढू नका. धर्माच्या श्रद्धेवर लिहिताना वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका.

कायद्याबाहेरचा धोकाही आहे, तो मी लपवणार नाही. मार्च २०२५ मध्ये स्टँड-अप विनोदवीर कुणाल कामराच्या एका विडंबनगीतानंतर मुंबईत खारच्या स्टुडिओची तोडफोड झाली, आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथक तिथे हातोडे घेऊन गेलं. लिहिणाऱ्याच्या आधी त्याला जागा देणाऱ्याला झळ बसते. तुमचं सदर छापणाऱ्या संपादकाला प्रत्येक मजकुरामागचे कागद आधीच देऊन ठेवा.

महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर तुमचा नगरसेवक जानेवारी २०२६ च्या मतदानात निवडून आलाय. त्याने वाटलेलं पत्रक अजून घरात कुठेतरी पडलं असेल, ते शोधून फाईलला लावा. स्थायी समितीच्या सभेची विषयपत्रिका मागायला लागा. पहिल्या अर्थसंकल्पात तुमच्या प्रभागाच्या नावावर काय पडलं ते त्या पत्रकाशेजारी ठेवा, आणि पहिलं सदर त्यावर लिहा.