मोठ्या औषध कंपनीत क्यूसीची नोकरी घ्यावी का?

तू विचारलं आहेस की एम.एस्सी. केमिस्ट्री झाली आहे, बडोद्याबाहेरच्या एका मोठ्या औषध कंपनीच्या प्लँटमधून क्यूसीची (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे औषधाची गुणवत्ता तपासणारी लॅब) ऑफर आली आहे. बाबा म्हणतात, मोठी कंपनी आहे, डोळे मिटून घे. मैत्रीण तशाच कंपनीतून सहा महिन्यांत सोडून आली आणि म्हणते, पिळून काढतात. तुला अगं-तुगं करते, कारण माझी भाची तुझ्याच वयाची आहे. मी २००२ साली सयाजीराव विद्यापीठातून बाहेर पडून क्यूसीत लागले. तीन कंपन्या झाल्या आणि अजून त्याच कामात आहे.

बाबांचं म्हणणं कुठून येतं ते मला कळतं. आपल्या गावात औषधाची कंपनी म्हणजे घरचीच गोष्ट. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली. तिचे मुख्य असलेले गज्जर पुढे कोटीभास्कर आणि अमीन यांच्याबरोबर अलेम्बिक उभी करण्यात होते, १९०७ साली, टिंक्चर आणि अल्कोहोलपासून सुरुवात करून. मग १९४३ मध्ये साराभाई केमिकल्स आली. डांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या किती मराठी घरांचे संसार अशा पगारांवर झाले! त्या पिढीला कंपनी एकदा लागली की निवृत्तीपर्यंत, हेच ठाऊक. आता तसं राहिलेलं नाही. आमच्या लॅबमध्ये दोन-तीन वर्षांत कंपनी बदलणारी मुलंच जास्त.

पण तुझा खरा प्रश्न दिवसभर काय करावं लागेल हा असायला हवा, आणि त्याबद्दल कोणी नीट सांगत नाही. बाहेरून वाटतं की केमिस्ट म्हणजे प्रयोग. प्रत्यक्षात अर्धा दिवस लिहिण्यात जातो. गोळीचं डिसोल्युशन (ती किती विरघळते याची चाचणी) लावलंस की सहा भांडी, ३७ अंश तापमान, ठरलेल्या मिनिटाला सॅम्पल काढायचं, आणि ते काढल्याची वेळ त्याच क्षणी नोंदवायची. जेवून आल्यावर नाही. वजन केलंस तर बॅलन्सचा, म्हणजे वजनकाट्याचा, प्रिंटआउट लावायचा. आकडा चुकला तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर लॅबमध्ये दिसलं तरी प्रकरण होतं. एचपीएलसीवर (औषधाचं प्रमाण मोजणारं मशीन) सिक्वेन्स, म्हणजे सॅम्पलांची रांग, लावलीस की मशीन रात्रभर चालतं आणि कोणी कधी काय बदललं ते ऑडिट ट्रेलमध्ये राहतं. स्टॅबिलिटीच्या (औषध किती टिकतं ते बघायच्या) चेंबरमध्ये ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवलेली सॅम्पलं तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी बाहेर निघतात. त्यांना तुझी सुट्टी, गरबा, गणपती काही कळत नाही. ठरल्या मुदतीत ती काढलीच पाहिजेत.

याचा कंटाळा येतो, पहिल्या वर्षी तर फारच. तुझी मैत्रीण जे म्हणते त्यातलं बरंच हेच असणार: उभं राहणं, बसचा येण्याजाण्याचा दोन-अडीच तासांचा वेळ, आणि महिन्याच्या शेवटी डिस्पॅचचा रेटा. २५ तारखेनंतर सगळ्यांच्या बॅचेस एकदम 'अर्जंट' होतात. प्रॉडक्शनवाले दर तासाला येऊन विचारतात, झालं का. त्या पाच दिवसांत माणूस कसा वागतो यावरून लॅब चांगली की वाईट ते ओळखावं.

माझ्या पहिल्या कंपनीतली गोष्ट सांगते. २००४ असेल. एका गोळीच्या बॅचचा 'असे' (assay, औषधाचं प्रमाण) ९४.१ टक्के आला, मर्यादा ९५ ते १०५. वरिष्ठ म्हणाले, "हे ट्रायल होतं असं समज, मशीनचा कॉलम धुऊन सॅम्पल परत घाल." मी घातलं. ९५.३ आला, तोच रजिस्टरमध्ये गेला, पहिला आकडा कुठेच राहिला नाही. संध्याकाळी बॅच निघाली. मला तेव्हा कोणी ओरडलं नाही, उलट शाबासकी मिळाली. बसमध्ये खिडकीशी बसून मी मनाला समजावत होते की फरक एका टक्क्याचाच आहे. ती गोळी रक्तदाबाची होती. आईच्या डब्यात त्याच औषधाची पट्टी असायची. वीस वर्षं झाली, तो आकडा अजून दशांशासकट पाठ आहे.

आणि दुसरी, आत्ताच्या कंपनीतली. सेक्शन माझ्याकडे होता. रात्री दोनला घरी फोन आला. एक वर्षही न झालेला मुलगा, आवाज थरथरत होता: "मॅडम, रिझल्ट मर्यादेबाहेर गेलाय." मी म्हटलं, कशालाही हात लावू नकोस. व्हायल, फ्लास्क, सॅम्पलचं उरलेलं द्रावण, सगळं तसंच ठेव आणि क्यूएला (क्वालिटी अ‍ॅश्युरन्स, गुणवत्तेवर देखरेख करणारा विभाग) कळव. सकाळी तपास सुरू झाला. तीन दिवस बॅच अडकली, वरून फोनवर फोन. शेवटी कारण फिल्टरमध्ये सापडलं. गाळताना पहिले काही मिलिलिटर टाकून द्यायचे असतात, कारण कोरडा फिल्टर थोडं औषध स्वतःकडेच धरून ठेवतो. ते टाकले गेले नव्हते. तसा प्रयोग करून दाखवला, कागदावर आलं, मग परत टेस्ट. बॅच निर्दोष निघाली. त्या मुलाला पुन्हा ट्रेनिंग दिलं, ओरडलं कोणी नाही. आज तो स्वतः नव्या मुलांना फिल्टर कसा वापरायचा ते शिकवतो.

दोन्हीकडे भिंतीवर गुणवत्तेच्या धोरणाची फ्रेम होती. कंपनी मोठी असल्यानं उपकरणं, ट्रेनिंग आणि पद्धती चांगल्या मिळतात, हे नक्की. रात्री दोनला "हात लावू नकोस" म्हणणारा वरिष्ठ मात्र ऑफर लेटरमध्ये लिहिलेला नसतो. तो शोधावा लागतो, आणि त्याला उपाय आहेत.

अमेरिकेला माल पाठवणाऱ्या प्लँटवर तिथल्या एफडीएचे (औषधांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) इन्स्पेक्टर येतात, कधी न कळवताही. त्रुटी सापडल्या तर त्यांची यादी, म्हणजे फॉर्म ४८३, देतात. पंधरा कामकाजाच्या दिवसांत उत्तर पाठवायचं असतं. प्रकरण पुढे गेलं तर वॉर्निंग लेटर, आणि ती पत्रं एफडीएच्या साइटवर सगळ्यांसाठी खुली असतात. कंपनीचं नाव टाकून वाच. कंपनी एकच असली तरी प्लँट वेगवेगळे असतात, म्हणून पत्त्यातलं गाव बघ. इंग्रजी रुक्ष आहे, पण "ट्रायल इंजेक्शन" (नोंद न ठेवता मशीनवर आधीच करून बघितलेली चाचणी) आणि "डेटा डिलीट" असले शब्द दिसले तर थांब. होकार देण्याआधी तूही विचार: एका अ‍ॅनालिस्टकडे दिवसाला किती सॅम्पलं असतात? ओओएस (मर्यादेबाहेरचा रिझल्ट) आला तर पहिला फोन कोणाला? दुसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर तुला उत्तर मिळालं.

बायकांसाठीचं थोडं वेगळं. मी लागले तेव्हा फॅक्टरी कायद्याच्या कलम ६६ मुळे संध्याकाळी सातनंतर आम्हाला थांबवता येत नसे. आता रात्रपाळी असते, तेव्हा गाडी घरापर्यंत सोडते का, सोबत कोण असतं, हे लेखी विचार. सॅम्पलिंगला स्वच्छ विभागात शिरताना टिकली, बांगड्या, मंगळसूत्र, काजळ काही चालत नाही. माझ्या सासूबाईंना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या होत्या. मी त्यांना समजावलं की कातडीचे, पावडरीचे कण इंजेक्शनमध्ये गेले तर आजारी माणसाच्या रक्तात जातात. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मंगळसूत्र ठेवायला एक छोटी रेशमी पिशवी शिवून दिली.

पगाराचं पटकन सांगते. सीटीसीचा (कंपनीचा तुझ्यावरचा एकूण खर्च) आकडा बघू नकोस, हातात किती ते बघ. पीएफ मूळ पगाराच्या १२ टक्के तुझा आणि तितकाच कंपनीचा, पण कंपनीचा वाटाही सीटीसीत मोजलेला असतो, ग्रॅच्युइटीसुद्धा. कंपनीच्या रोलवर आहेस की काँट्रॅक्टरच्या, हे आधी विचार. नोटीस पीरियड ९० दिवसांचा आहे का ते वाच. मूळ सर्टिफिकेट ठेवून घेत असतील तर सही करू नकोस.

एक गोष्ट बाबांनाही वाचून दाखव. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात बनलेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला, गांबियातली लहान मुलं दगावल्यानंतर. त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं होतं. हे विष ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉलच्या पिंपातून येऊ शकतं, दिसायला सारखंच असतं, आणि गॅस क्रोमॅटोग्राफीवर ओळखता येतं. ती टेस्ट कंटाळवाणी आहे. दर पिंपाचं सॅम्पल काढायचं, तेच ते. ते पिंप तपासणारी मुलगी कदाचित तूच असशील, बावीस-तेवीस वर्षांची, शिफ्ट संपायला अर्धा तास राहिलेला आणि बस गेटवर उभी. त्या वेळी सॅम्पल न काढता "कम्प्लाइज" (निकषात बसतं) लिहिणार नाहीस, एवढी खात्री असेल तर नोकरी घे आणि निदान दोन वर्षं कर.

ऑफर लेटर आलं की त्यातले आकडे इथे टाक, कंपनीचं नाव झाकून. कोणती रक्कम हातात येईल ते मी काढून देते.