आधी पगार की आधी प्रशिक्षण?

मुलगा फिटर ट्रेडमध्ये आयटीआय पास झाला. चाकणला ठेकेदारामार्फत महिना 17 हजारांचं काम मिळतंय. दुसरीकडे अप्रेंटिसशिप आहे, पण स्टायपेंड निम्माच. काय करावं?
— एक पालक, शिरूर

घर त्याच्या पगारावर अडून नसेल, तर अप्रेंटिसशिपच घ्या. 2019 च्या सुधारित नियमांनी आयटीआयवाल्याला किमान 7,700 रुपये स्टायपेंड ठरवला. सध्याचा आकडा करारावर बघा. बऱ्याच मोठ्या कंपन्या किमानापेक्षा जास्त देतात. ठेकेदाराचे 17 हजार मात्र बहुधा ओव्हरटाइम धरून सांगितलेले असतात. आठ तासांचे किती आणि पीएफ, ईएसआय कापून हातात किती, हे आधी विचारा.

खरा फरक कामात आहे. ठेक्यावरच्या पोराला सहसा एकाच लाइनवर एकच काम मिळतं: बोल्ट आवळ, पार्ट उचल, कन्व्हेयरवर ठेव. दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत ‘काय काय येतं?’ विचारलं की त्याच्याकडे उत्तर नसतं, आणि पगार तिथेच अडकतो. अप्रेंटिसला मेंटेनन्स, असेंब्ली, क्वालिटी असे विभाग फिरवावेत, अशी अपेक्षा असते. शेवटी अखिल भारतीय परीक्षा पास झाला की राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या कारखान्यात अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना तर लेव्हल-1 (सर्वांत खालच्या श्रेणीच्या) भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात.

फसगत होते ती करारात. सही केल्यावर करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला गेला का आणि त्यात ट्रेड ‘फिटर’ असाच लिहिलाय का, हे मुलाला स्वतः लॉगिन करून बघायला सांगा. काही ठिकाणी नुसतं ‘ट्रेनी’चं पत्र देतात. नोंद नसेल तर परीक्षेला बसता येत नाही आणि अख्खं वर्ष वाया जातं.

निवडीच्या वेळी बहुतेक ठिकाणी हातात व्हर्निअर (माप घेण्याचं साधन) देतात. साध्या व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सर्वांत लहान माप, 0.02 मिमी, मायक्रोमीटरचा 0.01. एवढं पाठ असतं, पण पुढच्या प्रश्नाला पोरं अडखळतात: ड्रॉइंगवर 25 ± 0.05 आहे (म्हणजे 24.95 ते 25.05 चालतं), माप 25.06 आलं, पार्टचं काय करशील? शाफ्टचा बाहेरचा व्यास असेल तर रीवर्क करता येतो, कारण अजून मटेरियल काढता येतं. भोकाचा असेल तर पार्ट भंगारात. हे ज्याला कळतं त्याला ड्रॉइंग वाचता येतं, आणि ड्रॉइंग वाचणाऱ्यालाच सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनच्या सेटिंगवर घेतात. ऑपरेटर आणि सेटर यांच्या पगारात मोठं अंतर असतं. महिनाभर रोज एक ड्रॉइंग काढून त्यातल्या प्रत्येक टॉलरन्सचं किमान-कमाल माप लिहायला सांगा.

दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालाय, म्हणजे पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ताही उघडा आहे.

बी.कॉम. झाले, टॅलीचा कोर्सही केला. तरी कर सल्लागारांच्या ऑफिसात आठ-दहा हजारांच्या वर कोणी बोलत नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

कारण टॅलीत एन्ट्री मारणारे पुष्कळ आहेत. पैसे मिळतात ते चूक शोधणाऱ्याला. मासिक रिटर्न भरणाऱ्यांचा जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरण) पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत जातो, 14 ला 2बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीची यादी) तयार होतं, 20 पर्यंत 3बी (कर भरण्याचं रिटर्न) भरायचं असतं. ऑफिसची खरी धावपळ 14 ते 20 च्या मधली असते: खरेदीचं रजिस्टर 2बीशी जुळवायचं आणि न जुळलेलं प्रत्येक बिल का जुळलं नाही ते सांगायचं. बहुतेक वेळा पुरवठादाराने 15 अक्षरांच्या जीएसटी क्रमांकात एक अक्षर चुकवलेलं असतं, बिल बी-टू-सीमध्ये (जीएसटी क्रमांक नसलेल्या ग्राहकांच्या विक्रीत) टाकलेलं असतं, नाहीतर रिटर्नच भरलेलं नसतं. कोल्हापुरात गोव्याशी व्यवहार असणारे व्यापारी भरपूर, तेव्हा हेही पक्कं करा: क्रमांकाची सुरुवात 27 म्हणजे महाराष्ट्र, 30 म्हणजे गोवा. इथून गोव्याच्या दुकानदाराला तिकडे माल पाठवला तर आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा कर) लागतो. तिथे सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात होणाऱ्या विक्रीचा कर) लावलं की निस्तरायला फार वेळ जातो.

एक्सेलमध्ये व्ही-लुकअप आणि पिव्होट टेबल हात बसेपर्यंत करा. मुलाखतीत ‘टॅली येतं’ म्हणू नका. ‘2बी जुळवणी आणि बँक रिकन्सिलिएशन एकटी करते’ असं सांगा आणि तिथेच करून दाखवा. बोलणी मग वेगळ्या आकड्यापासून सुरू होतात.

वय 34, दुकानात सेल्समन आहे. मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं तर पगार वाढेल का?
— एक वाचक, नांदेड

त्याच दुकानात नाही वाढणार. पण जिथे ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ ही अट असते, तिथे अर्ज करता येईल, आणि नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची मान्यताप्राप्त पदवी त्यासाठी चालते. सरकारी परीक्षेचा विचार असेल तर प्रवेश घेण्याआधी वयोमर्यादा तपासा: तुमच्या प्रवर्गाची कमाल वयाची अट बघा आणि पदवीची तीन वर्षं त्यात बसतात का ते मोजा. बसत नसतील तर तीच फी आणि तोच वेळ हिशेबाच्या किंवा स्टॉक सांभाळण्याच्या कामात घाला.