"मॅडम, यांची बुद्धी गेली का हो?"

मेंदूला मार लागलेल्या पेशंटचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात, आवाज खाली आणून. पेशंट शेजारीच असतो आणि त्याला तो ऐकू येतो.

एक शिंपीदादा आले होते. दुचाकीवरून पडून डोक्याच्या डाव्या बाजूला मार बसला, त्याला चार महिने झाले होते. वहिनींनी पिशवीतून चित्रांचं पुस्तक काढलं. "हे काय, सांगा बरं मॅडमना." सफरचंद होतं. दादा म्हणाले, "ते... ते..."

"अहो, कालच सांगितलं होतं ना!"

दादांनी मान खाली घातली. घरी रोज संध्याकाळी हीच परीक्षा चालायची.

मी समजावलं की हा वाचाघात आहे. बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या भागात असते. तिथे इजा झाली की वस्तू ओळखू येते, पण नाव सापडत नाही किंवा चमच्याला वाटी म्हटलं जातं. १८६१ मध्ये पॅरिसच्या डॉ. पॉल ब्रोका यांनी तपासलेला एक पेशंट जेमतेम 'तां' एवढंच बोलायचा, पण डाव्या हाताची बोटं उघडमीट करून आकडे सांगायचा.

पुढच्या वेळी मी पुस्तक घरीच ठेवून मापाचा टेप आणायला सांगितला. मुलाला समोर उभं केलं. "दादा, याला शर्ट शिवायचाय. मी लिहून घेते."

टेप खांद्यावरून खाली सोडला आणि आवाज आला, "लांबी... अठ्ठावीस." मग छाती, मग बाही. वहिनींनी तोंडाला पदर लावला. वर्षानुवर्षं एकाच क्रमानं म्हटलेलं, जसे वार, पाढे, आरती, बऱ्याचदा असंच ओघात येतं. मग बटणाच्या जागी बोट ठेवून दादा अडकले. मी थांबले. त्यांनी दोन बोटांनी चीर दाखवली, सुई ओढल्यासारखा हात केला आणि म्हणाले, "काज!" हा शब्द त्यांना कुणी सुचवला नव्हता. माझ्या कामातले असे दिवस मी जपून ठेवते.

वाचा उपचारतज्ज्ञांचे व्यायाम हवेतच, पण घरानं शिकवणी घेऊ नये, गप्पा माराव्यात, असं माझं ठाम मत आहे. बोलताना टीव्ही बंद ठेवा. ओरडू नका, कान शाबूत आहेत. काहींना ऐकलेलं समजायलाही जड जातं, त्यांच्याशी छोटी वाक्यं बोला. शब्द अडला की मनात दहा आकडे मोजा. नाहीच आला तर "कशाला वापरतात?" असं विचारा किंवा पहिलं अक्षर द्या. खुणा, चित्र, लिहिणं, सगळं चालतं. दमलेले दिसले की विषय सोडा. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत भरभर होते, पण वर्षांनंतरही नवे शब्द परत येताना मी पाहिलेत.

शेवटच्या भेटीत वहिनींनी त्यांनाच विचारलं, "आज भाजी कोणती आणू?"

"ते... लांब..." दादांनी हवेत रेघ ओढली. वहिनी गप्प. मांडीवर त्यांची बोटं एकेक करून मिटत होती. दुसऱ्या हाताच्या चौथ्या बोटाला दादा म्हणाले, "शेवगा."